हँग होणारा संगणक आणि बीडची वीज

१/
घरातला संगणक हँग होतो. पडद्यावरचे चित्र जागच्या जागी थिजते, माउसचा बाण हलत नाही, आतला पंखा मात्र फिरत राहतो. चार दिवस काही होत नाही आणि पाचव्या दिवशी दोनदा होते. दुरुस्तीला नेला की दुकानात तो दिवसभर निमूट चालतो. २००० नंतरच्या दशकात बीड जिल्ह्यातील घरांत जे संगणक आले, त्यांच्या मालकांना हे दुखणे चांगलेच परिचयाचे होते. हा धागा त्या दुखण्याच्या इतिहासाचा.

२/
‘दुकानात बरा, घरी आजारी’ ही या प्रकरणातली सर्वांत मोलाची खूण. पण ती तक्रार म्हणून ऐकली गेली, पुरावा म्हणून क्वचितच. विंडोज पुन्हा टाकले जाई आणि त्यात घरचे फोटो, टाइप केलेला मजकूर पुसला जाई. कधी रॅम बदलली जाई, कधी सबंध मदरबोर्ड. आठवड्याने संगणक पुन्हा थिजे. दोष पेटीत शोधला जात होता. त्याचे मूळ पुष्कळदा पेटीबाहेर, भिंतीतल्या सॉकेटच्या पलीकडे होते.

३/
यंत्राच्या दोषात त्याचा परिसर सामील असतो, हे संगणकाच्या पहिल्या पिढीला पक्के ठाऊक होते. १९४६ साली अमेरिकेत जाहीर झालेल्या एनिअ‍ॅकमध्ये सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते. ते बहुधा यंत्र चालू किंवा बंद करताना जळत. तापणे आणि निवणे यांतच त्यांचा जीव जाई. म्हणून अभियंत्यांनी ते यंत्र शक्यतो बंदच करायचे नाही, असा शिरस्ता ठेवला. हे वाक्य भारनियमनाच्या प्रदेशात बसून वाचावे, म्हणजे त्याची खरी चव कळते.

४/
मुंबईतही तेच. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला संगणक फेब्रुवारी १९६० मध्ये, म्हणजे महाराष्ट्र राज्य स्थापन होण्याच्या थोडेच आधी, कामाला लागला. पुढे १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रेझिस्टर. या यंत्रासाठी वातानुकूलन होते, स्वतंत्र वीजपुरवठा होता आणि बिघडले तर ज्यांनी ते बांधले तेच शेजारी होते. नंतरच्या काळात तालुक्याच्या गावी पोचलेल्या संगणकाच्या वाट्याला या तीनपैकी एकही गोष्ट आली नाही.

५/
याच पिढीतला एक विलक्षण उपाय येथे सांगितला पाहिजे, कारण पुढचे सारे प्रकरण त्यावर उभे आहे. १९५० च्या सुमारास एमआयटीत जे फॉरेस्टर यांच्या गटाने ‘व्हर्लविंड’ हा संगणक उभारला. मधूनच होणारे बिघाड पकडण्यासाठी त्यांनी एक युक्ती योजली : देखभालीच्या वेळी व्होल्टेज मुद्दाम थोडे खाली-वर करायचे. जो भाग मरणाच्या वाटेवर आहे तो तेव्हाच दगा देतो. तो काढून नवा बसवायचा आणि मग दिवसभर निर्धास्त काम करायचे. काठावरचा भाग काठावर नेऊनच ओळखावा, असे हे तंत्र.

६/
बीड जिल्ह्यात ही तपासणी रोज संध्याकाळी होत असे. फरक इतकाच की ती कुणी मागितलेली नव्हती आणि तिची नोंद कुणी ठेवत नव्हते.

७/
ती कशी होई हे समजण्यासाठी आधी परळीकडे वळावे लागते. परळी वैजनाथच्या औष्णिक वीजकेंद्रात ३० मेगावॅटचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला. १९८० ते १९८७ या काळात २१० मेगावॅटचे तीन संच आले; २००७ आणि २०१० मध्ये प्रत्येकी २५० मेगावॅटचे आणखी दोन. म्हणजे ज्या दशकात बीडमधले घरगुती संगणक अंधारात बंद पडत होते, त्याच दशकात याच जिल्ह्यात शेकडो मेगावॅट वीज तयार होत होती.

८/
या विसंगतीवर जिल्ह्यात पुष्कळ संताप व्यक्त झाला. तो समजण्यासारखा आहे, पण त्यामागचे तंत्र वेगळे आहे. परळीची वीज परळीतून निघते ती उच्चदाबाच्या वाहिन्यांवर, राज्याच्या जाळ्यात. तेथून परत कोणत्या गावाला किती तास मिळायची, हे केंद्र कुठे आहे यावर ठरत नसे. २००५ साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आले. त्याच सुमारास राज्यात विजेची मोठी तूट होती. वीजगळती आणि थकबाकी यांच्या प्रमाणानुसार गट पाडले गेले आणि ज्या भागात ‘हानी’ जास्त त्या भागात भारनियमन जास्त, हे सूत्र झाले. प्रामाणिकपणे बिल भरणारे घर आणि आकडा टाकणारे घर एकाच वाहिनीवर असले की दोघांनाही अंधार सारखाच.

९/
आणि अंधार हा संगणकाचा खरा शत्रू नव्हताच. वीज गेली तर संगणक बंद पडतो. कारण उघड असते, कुणी बुचकळ्यात पडत नाही. खरी गंमत वीज येताना होई.

१०/
शेतातल्या मोटारींना ऑटोस्टार्टर लावलेले असत. वीज कधी येईल याचा भरवसा नाही, रात्रीबेरात्री विहिरीवर कोण जाणार? ती आली की मोटार आपोआप सुरू व्हावी, यासाठी ही सोय. पण मोटार सुरू होताना काही क्षण नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह खेचते. एका डीपीवरच्या सगळ्या मोटारींनी एकाच क्षणी असा घोट घेतला की व्होल्टेज बसते. गावठाण आणि शेती एकाच फीडरवर असतील, तर त्या घोटाचा धक्का थेट घरात. बल्ब लालसर होई, पंखा मंदावे. ‘लाइट डिम आहे’ हे वाक्य त्या काळच्या मराठवाड्यात हवामानाच्या वार्तेइतके सहज बोलले जाई.

११/
पुढे गावठाणाचे फीडर शेतीपासून वेगळे करण्याची योजना राबवली गेली, ती प्रामुख्याने भारनियमनाच्या सोयीसाठी. संगणकाच्या दृष्टीने मात्र ती एक मोठी दुरुस्ती होती. संगणकाची पेटी न उघडता झालेली.

१२/
आता पेटीच्या आत. सॉकेटमधली २३० व्होल्टची वीज प्रथम ‘एसएमपीएस’ नावाच्या पत्र्याच्या डब्यात जाते आणि तेथून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशी बाहेर पडते. नियमाप्रमाणे घरगुती पुरवठ्यात ६ टक्के चढ-उतार चालतो, म्हणजे २१६ ते २४४ व्होल्ट. चांगला एसएमपीएस साधारण १८० व्होल्टपर्यंत तग धरतो. शिवाय वीज क्षणभर गेली तरी त्याच्या पोटातल्या साठ्यावर संगणक सुमारे १६ मिलिसेकंद चालतो. ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. म्हणजे ही शिदोरी एका आवर्तनालाही पुरी पडत नाही.

१३/
ही शिदोरी कपॅसिटरमध्ये असते. दुरुस्तीवाले त्याला कंडेन्सर म्हणतात. त्याच्या आतले द्रव उष्णतेने हळूहळू सुकते. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढले की कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते. बीडचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो, आणि बंद पेटीतले तापमान खोलीपेक्षा बरेच अधिक असते. म्हणजे नवा असताना जो संगणक मोटारींचा धक्का सहज पचवत होता, तोच दोन-तीन उन्हाळ्यांनंतर त्याच धक्क्याला थिजू लागतो. गावची वीज तीच, संगणक तोच, फक्त शिदोरी आटलेली.

१४/
यात जागतिक योगायोगाची भर पडली. १९९९ ते २००७ या काळात जगभर सदोष कपॅसिटर बाजारात आले होते. मदरबोर्डवरचे हे छोटे डबे फुगत, त्यांच्या माथ्यावरून तपकिरी द्रव पाझरे. द्रवाचे सूत्र चोरताना ते अर्धवट चोरले गेले, अशी एक चमचमीत कथा तेव्हा पसरली. तिचा निर्णायक पुरावा कधी पुढे आला नाही. नुकसान मात्र खरे होते. एकट्या डेल कंपनीला २००५ साली त्यापोटी सुमारे ३० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. मोठ्या कंपनीच्या ग्राहकाला बोर्ड बदलून मिळाला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आलेल्या सुट्या भागांतून तालुक्यात जोडलेल्या ‘असेंबल्ड’ संगणकाच्या मालकाला ‘व्हायरस असेल’ हे उत्तर मिळाले.

१५/
एक सूक्ष्म भेद येथे ध्यानात घ्यावा, कारण निदानाची सुरुवात त्यापासून होते. व्होल्टेज फारच बसले तर एसएमपीएस मदरबोर्डला ‘वीज ठीक आहे’ हा संकेत देणे थांबवतो आणि संगणक सरळ रीस्टार्ट होतो. हँग होणे त्याहून फसवे. वीज इतकी घसरते की एखाद्या बिटचा शून्याचा एक होतो, पण इतकी नाही की पहारेकऱ्याने घंटा वाजवावी. यंत्र चुकीचे वाचते आणि त्या चुकीतच अडकून बसते.

१६/
पडदा थिजला की पहिली कसोटी फुकटची आहे : कीबोर्डवरचे नम लॉक दाबावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर संगणकाचा गाभा जागा आहे. अडला आहे तो एखादा प्रोग्राम किंवा पडद्याचा ड्रायव्हर. अशा वेळी कंट्रोल-ऑल्ट-डिलीट कामी येते. (हे त्रिकूट आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली यांनी १९८१ च्या पहिल्या पीसीसाठी योजले, तेही खरे तर विकसकांच्या सोयीसाठी.) दिवा ढिम्म हलला नाही, तर संशय यंत्रभागांकडे वळवावा : वीज, उष्णता, रॅम.

१७/
सॉफ्टवेअर निर्दोष होते असे नव्हे. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये जुन्या पद्धतीचा एक प्रोग्राम अडला की तो इतरांनाही धरून ठेवू शके. त्यातली एक चूक तर अजब होती. काळ मोजणारा आकडा मिलिसेकंदांत वाढत जाई आणि ४९.७ दिवसांनी त्याची मर्यादा संपली की संगणक थिजे. ही चूक उघडकीला यायला १९९९ उजाडले, कारण इतके दिवस सलग विंडोज चालवतो कोण? बीड जिल्ह्यात ती कुणाच्या नजरेला पडण्याचा प्रश्नच नव्हता. ४९ दिवस अखंड वीज ही आधीची अट होती.

१८/
रॅमच्या बाबतीत एक देशी उपाय सर्वदूर प्रसिद्ध झाला : रॅमची पट्टी काढायची, तिची सोनेरी कड खोडरबराने घासायची, पुन्हा घट्ट बसवायची. शिकलेले अभियंते याला हसत. हसण्याचे कारण नाही. दमट पावसाळा आणि धूळ यांनी संपर्कबिंदूंवर थर चढतो, आणि यंत्र तापून-निवून पट्टी खाचेत किंचित सैल होते. काढून पुन्हा बसवण्याने निम्मे काम होते, खोडरबर उरलेले करतो. मात्र फार घासले तर मुलामाच निघतो, हेही खरे.

१९/
रॅममधला बिट कुणी हात न लावताही पालटू शकतो, हे १९७८ साली इंटेलच्या टिमथी मे आणि मरी वुड्स यांनी दाखवले. चिपच्या चिनीमातीच्या वेष्टनात किरणोत्सारी अंश होते आणि त्यातून निघणारे अल्फा कण बिट पालटवीत होते. पण घरगुती संगणक आठवड्यातून दोनदा थिजत असेल तर दोष अल्फा कणांना देऊ नये. ते कण इतके नेमाने भेटीला येत नाहीत.

२०/
त्याहून जवळचे कारण जमिनीत असे. अर्थिंग. खड्ड्यात धातूची पट्टी, भोवती मीठ आणि कोळसा, वरून पाणी : ही रीत सर्वांना माहीत. पण मातीत ओल असेल तरच ती वीज वाहून नेते. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात मुरुमाखाली खडक, आणि दुष्काळात वरची मातीही कोरडी ठाक. जेथे पिण्याचे पाणी टँकरने येते तेथे अर्थिंगच्या खड्ड्यात बादली ओतण्याचे कोण सुचवणार? मग संगणकाच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येत. ती भुताटकी नव्हे. एसएमपीएसच्या गाळणीतून पत्र्यावर येणाऱ्या किंचित विजेला जमिनीत जायला वाट उरलेली नसते. जेथे अशा झिणझिण्या येतात तेथे जोडलेल्या प्रिंटर-मॉडेमसह सगळ्याच यंत्रांचे संकेत गढूळ होतात.

२१/
पाण्याचा हा धागा परळीपर्यंत जातो. औष्णिक केंद्राला कोळशाइतकेच पाणी लागते. २०१३ च्या फेब्रुवारीत पाण्याअभावी परळीचे सगळे संच बंद करावे लागले; २०१५ च्या जुलैत पुन्हा तीच वेळ आली. जाळ्यात अन्यत्रची वीज असल्याने घरे लगेच अंधारली नाहीत. पण एकाच दुष्काळाने जिल्ह्यातले वीजकेंद्र थांबवावे आणि त्याच दुष्काळाने घरातल्या अर्थिंगची ओल शोषावी, ही जोडी संगणकाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

२२/
यूपीएस होता ना? होता, पण घरगुती यूपीएसबद्दल मोठा गैरसमज होता. स्वस्त यूपीएस वीज शुद्ध करत नाही. ती जशी येते तशीच पुढे सोडतो आणि फार बिघडली की बॅटरीवर जातो. तेव्हा आतला रिले ‘टक्’ असा वाजतो. हा आवाज म्हणजे फुकटचा निदानयंत्रच. ‘टक्’ झाले आणि लगेच पडदा थिजला, तर रॅम बदलून उपयोग नाही. शिवाय त्याची बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची. ती भरायला काही तास सलग वीज हवी आणि ४० अंशांच्या उन्हाळ्यात ती लवकर म्हातारी होते. तुकड्यातुकड्याने येणाऱ्या विजेवर ती कधी पुरती भरतच नसे. वरून दिवा हिरवा, आतून रिकामी.

२३/
घरातल्या इन्व्हर्टरवर संगणक लावण्याचा प्रयोगही पुष्कळांनी केला. दिव्या-पंख्यांसाठी बांधलेला इन्व्हर्टर बदल करायला जो वेळ घेतो, तो १६ मिलिसेकंदांच्या शिदोरीपेक्षा अधिक. म्हणून उत्पादकांना त्यावर ‘यूपीएस मोड’चे बटण द्यावे लागले. हे बटण कशासाठी आहे हे विकणाऱ्यालाही अनेकदा सांगता येत नसे.

२४/
एवढ्याने बिघडत काय होते? २००१ साली एमकेसीएल स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यांत पोचला. शासकीय नोकरीच्या अनेक पदांसाठी ती पात्रता आवश्यक ठरली. पुढे शिष्यवृत्ती, प्रवेश, भरती यांचे अर्जही ऑनलाइन झाले. ज्या जिल्ह्यातून दर हंगामात लाखो माणसे ऊसतोडीला जातात, तेथे घरात संगणक घेणे ही चैन नव्हती. एक पिढी कोयत्यापासून सोडवण्याचा तो खटाटोप होता. अशा घरात विनाकारण बदललेली रॅम हा केवळ तांत्रिक अंदाज चुकल्याचा प्रकार राहत नाही.

२५/
आणि अंदाज चुकणे जवळजवळ अटळ होते, याला साधे गणित कारण आहे. सरासरी पाच दिवसांतून एकदा थिजणारा संगणक दुकानात एक दिवस नीट चालला, याचा अर्थ काहीच होत नाही. तो दिवस घरीही बहुधा नीटच गेला असता. एक भाग बदलल्यावर तो बरा झाला असे म्हणायचे तर किमान पंधरा दिवस शांत गेले पाहिजेत. तोवर दुसरे काहीही बदलायचे नाही. दुकानदाराला इतकी सवड नसते, गिऱ्हाइकाला धीर नसतो. म्हणून एकाच दिवशी तीन भाग बदलले जात. संगणक बरा झाला तरी कशाने झाला हे कुणालाच कळत नसे.

२६/
जे हुशार दुरुस्तीवाले होते ते आधी घरी येत. मल्टिमीटरने सॉकेटचे व्होल्टेज पाहत, तेही संध्याकाळी. फेज आणि अर्थ यांच्यातले मोजत, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले मोजत. नंतरचा आकडा पाच-दहा व्होल्ट दिसला की संगणकवाल्याचे काम संपून वायरमनचे सुरू होई. मग पेटी उघडून ब्रशने प्रोसेसरच्या पंख्याखालची धूळ काढत. ती बहुतेकदा धूळ राहिलेली नसे, नमद्यासारखी गादी झालेली असे. त्यानंतर कंडेन्सरचे माथे बोटाने चाचपत. रॅमची पट्टी सर्वांत शेवटी. व्हर्लविंडचे नाव त्यांनी ऐकले असण्याचे कारण नाही, पण काठावरचा भाग काठावरच्या वेळी पाहावा, हे त्यांना उमगले होते.

२७/
आज या घरांत बहुधा लॅपटॉप आहे. त्याची बॅटरी हाच यूपीएस. परळीत २०१६ साली २५० मेगावॅटचा आणखी एक संच सुरू झाला. विंडोज आता स्वतःची रोजनिशी लिहिते. संगणक थिजल्यावर बटण दाबून बंद केला की पुढच्या वेळी तिच्यात ४१ क्रमांकाची नोंद सापडते : यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले. तारीख आणि वेळ सेकंदापर्यंत दिलेली असते. त्या क्षणी डीपीवरच्या मोटारी सुरू झाल्या होत्या का, याची नोंद त्या रोजनिशीत नसते. ती शेजारच्या शेतावर विचारावी लागते.